खिशातलं पीस

माझ्या शर्टांना खिसा नसतो. आमच्या शिंप्याला हे अजून पटलेलं नाही. दर दिवाळीला कापड घेऊन गेलो की तो माप लिहिता लिहिता थांबतो आणि म्हणतो, "सायेब, चष्मा कुठं ठेवताव मग? खिसा लावून देतो की, कापड उरतंय." मी नको म्हणतो. निवृत्त माणसाला खिसा कशाला, असं काहीतरी बोलून विषय संपवतो. खरं कारण सांगत बसलो तर त्याला दुपारपर्यंत मशीन बंद ठेवावी लागेल. यंदा संपादकांनी "तुमच्या नोकरीतलं काही लिहा" असं कळवलं, तेव्हा ठरवलं की शिंप्याला जे सांगितलं नाही ते अंकातच सांगून टाकावं.

माझी नोकरी रेशमाची. कागदावर मी संशोधन सहायक होतो, पण जिल्ह्यात मला "किडेवाले साहेब" म्हणूनच ओळखायचे. आमची आई मानवतला असायची. ती पाहुण्यांना "मुलगा शेतीखात्यात आहे" एवढंच सांगायची. पोरगा दिवसभर अळ्यांना पाला घालतो आणि त्यांची शी काढतो, हे कळलं तर स्थळं यायची नाहीत अशी तिला भीती होती. ती भीती अगदीच खोटी नव्हती. एका स्थळानं खरंच "किड्यांचं सोडून दुसरं काही मिळत नाही का?" असं विचारलं होतं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेशमाचा किडा तुतीचा पाला खातो, दुसरं काहीही तोंडात घेत नाही. अंड्यातून निघतो तेव्हा मुंगीएवढा असतो. चार वेळा कात टाकतो. दरवेळी कात टाकायच्या आधी दिवसभर मान वर करून झोपतो, त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. पंचवीस-सव्वीस दिवसांत बोटाएवढा होतो, अंग पिवळसर दिसायला लागतं आणि खाणं बंद करतो. मग त्याला चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या गोल चटईवर सोडायचं. तिथे तो तोंडातून धागा काढून स्वतःभोवती कोष विणतो. ते पंचवीस दिवस मात्र त्याचे लाड पुरवावे लागतात. ऊन सोसत नाही, ओला पाला सोसत नाही, धूर सोसत नाही, वास सोसत नाही. आमच्या परभणीच्या उन्हाळ्यात माणसांना जे सोसावं लागतं, त्यातलं काहीही त्याला सोसत नाही.

तो आमच्याकडे जगेल का, हाच आमच्या संशोधनाचा विषय होता. आमच्या संशोधन केंद्राच्या थंड खोलीत तो जगत होता. साध्या शेतकऱ्याच्या घरात, पत्र्याखाली, गोणपाट ओलं करून लावलं तर जगेल का, हे बघायचं होतं. त्यासाठी दोन घरं मानवतच्या बाजूला निवडली, ती माझ्या एका सहकाऱ्याकडे होती. तिसरं घर जिंतूरच्या पलीकडे, येलदरी धरणाच्या अंगाला. ते माझ्याकडे आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरच्या बाईंनी तशी अट घातली आहे.

अंडी मी एसटीनं न्यायचो. अंडी म्हणजे कागदावर चिकटलेले मोहरीहून बारीक दाणे. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवायचे आणि पिशवी खिडकीशी हातात धरून बसायचं, कारण इंजिनाची धग लागली तर सगळं गेलं. पहिल्या फेरीला कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पिशवीत?"

"अंडी."

"फुटली तर शिटा घाण व्हतील. किती हायेत?"

"वीस हजार असतील."

त्यानं घंटीची दोरी धरली ती सोडलीच नाही. शेवटी मी फडकं उलगडून दाखवलं, तेव्हा त्यानं बराच वेळ त्या दाण्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मात्र तो माणूस माझा दोस्त झाला. मी चढलो की पुढची खिडकीची जागा रिकामी करून द्यायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आज किती हजार पॅसेंजर?"

त्या तिसऱ्या घराची कर्ती बाई अनसूया. वय पंचविशीच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत. नवरा शांत माणूस, शेतात राबायचा आणि घरात फारसा बोलायचा नाही. घर चालायचं ते सासऱ्यांच्या शब्दावर. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. विहिरीजवळचा अर्धा एकर कापसातून काढून तुतीला द्यावा, हे अनसूयाबाईंनी सुचवलं होतं. घरात सुनेच्या शब्दावर झालेली ती पहिली गोष्ट. बाई सांगायच्या, "लेकरू पाठीला बांधून लोकांच्या रानात लय कापूस येचला, सायेब. हे काम सावलीत व्हतंय, घरात व्हतंय. म्हनून म्या जिम्मा घेतला." आप्पांनी मान्य केलं, पण वर्षभरासाठी. जमलं तर तुती राहील, नाही जमलं तर नांगर घालून पुन्हा कापूस.

सासूबाईंचं नाव गयाबाई. त्यांचा एकच शौक, मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. सकाळी दातांना लावायची, दुपारी लावायची, आणि कोणी विचारलं तर दात दुखतात म्हणायचं. आता, तंबाखू हा रेशमाच्या किड्याचा सगळ्यात मोठा वैरी. तंबाखूच्या शेताशेजारची तुतीसुद्धा त्याला चालत नाही. आमच्या केंद्रानं छापलेला सूचनांचा तक्ता मी त्या घरात भिंतीवर लावला होता आणि मोठ्यानं वाचून दाखवला होता. सातवी सूचना होती, संगोपनगृहात तंबाखू आणू नये. अनसूयाबाईंनी ती इतकी मनावर घेतली की सासूला किड्यांच्या खोलीचा उंबरा बंद केला. गयाबाई बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "किड्यांनी मला घराभाईर काडलं, बगा."

आता माझ्याबद्दल. मी तंबाखू खात होतो. कॉलेजात असल्यापासून खात होतो. फाट्यावर एसटीतून उतरलो की गाव दोन मैल. चालता चालता चिमूटभर तंबाखू मळायची, गाव आलं की थुंकायची, विहिरीवर खळखळून चूळ भरायची आणि मगच घरात शिरायचं. सातवी सूचना मी मोडली नाही, या समजुतीत होतो. शिवाय हात धुण्याचा माझा दंडक होता. साबण, मग औषधाचं पाणी, मग स्वच्छ पाणी. अनसूयाबाईंकडूनही तसंच करून घ्यायचो. एकदा त्यांनी पदरानं हात पुसला म्हणून पुन्हा पहिल्यापासून धुवायला लावले होते.

आणि पीस. लहान अळ्या हातानं उचलता येत नाहीत, चिरडतात. त्या पिसानं हलवायच्या असतात. केंद्रातून कोंबडीची राठ पिसं मिळायची. मला येलदरीच्या पाण्याकाठी बगळ्याचं एक पीस सापडलं होतं, पांढरंशुभ्र आणि मऊ. मोठ्या अळ्यांनाही मी तेच वापरायचो, हाताचा घाम लागू नये म्हणून. त्या पिसाचा मला फार अभिमान होता. ते मी कोणाला द्यायचो नाही, धुवायचो नाही, कारण धुतलं की बगळ्याचं पीस चिंबून जातं. शर्टाच्या खिशात जपून ठेवायचो. त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असायची. वाचणाऱ्याला सगळं कळलं असेल. मला कळायला दोन हंगाम लागले.

पहिल्या खेपेत मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो. प्रत्येक ट्रेमधल्या शंभर अळ्या पिसानं बाजूला घ्यायच्या, वजन करायचं, नोंद करायची, परत सोडायच्या. चौथ्या की पाचव्या दिवसापासून अळ्या मरायला लागल्या. डोकं उचलून हलवायच्या, तोंडातून हिरवट पाणी टाकायच्या, आखडायच्या आणि संपायच्या. मी पाला तपासला. शेजारच्या कापसावर फवारणी झाली का, म्हणून शेजाऱ्याशी भांडून आलो. तो बिचारा शपथा घेत राहिला. छपरावर आणखी गोणपाट टाकलं. अळ्या मरतच राहिल्या. तिकडे मानवतच्या दोन्ही घरी पांढरेशुभ्र कोष निघाले. माझ्या घरी ओंजळभरसुद्धा निघाले नाहीत.

अहवालात कारणाचा रकाना असतो. तो रिकामा सोडता येत नाही. साहेब समोर उभे, टायपिस्ट वाट बघतोय, मानवतला जमलं आणि इथे नाही, म्हणजे फरक माणसाचाच असणार, असा मी हिशेब केला. माझ्या डोळ्यांपुढे पदराला पुसलेला तो हात होता. मी लिहिलं, "संगोपन करणाऱ्या महिलेच्या हाताळणीतील निष्काळजीपणामुळे अळ्या मोठ्या प्रमाणात दगावल्या." त्या वाक्याला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

ते वाक्य वार्षिक अहवालात छापून आलं. अहवालात आपल्या गावाचं नाव आलंय म्हणून मीच एक प्रत कौतुकानं आप्पांना नेऊन दिली. वाक्य त्यात आहे याचं मला भानही नव्हतं. आप्पांनी गुरुजींकडून तेवढं पान वाचून घेतलं.

आप्पांचं आणि कागदाचं नातं सांगायला हवं. त्यांची विहिरीजवळची जमीन निजामाच्या अमलात एका उर्दू कागदामुळे वाचली होती. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो कागद त्यांनी ट्रंकेत कापडात बांधून ठेवला होता. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास. अहवालही त्याच ट्रंकेत गेला. त्या दिवशी त्यांनी सुनेला एवढंच म्हटलं, "सरकारनं लिवलंय. पुढची खेप बगू. गेली की नांगर."

पुढच्या वेळी मी गेलो, तेव्हा अनसूयाबाईंनी मला चहा दिला. त्यात साखर नेहमीएवढीच होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी खेप थंडीत घेतली. पाचव्या दिवशी मी गेलो, नोंदी केल्या, परतलो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जायचं होतं, पण एसटीच बंद पडली. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. अधूनमधून बंद व्हायचे, रस्ते अडायचे. त्या काळात किती जणांची घरं होरपळली, ते दुःख माझ्या किड्यांच्या गोष्टीत मावणारं नाही, म्हणून त्याला हात लावत नाही. इथे एवढंच सांगायचं, की आठ-नऊ दिवस मी परभणीत अडकून पडलो आणि रोज सकाळी स्टँडवर जाऊन गाडी सुटते का ते बघत राहिलो. मनात धरूनच चाललो होतो की माझ्या देखरेखीशिवाय तिकडे सगळं संपलं असणार.

गाडी सुरू झाली तशी पहिलीच धरली. गाव गाठलं, चूळ भरली, हात धुतले. खोलीत बघतो तर अळ्या कशा, टवटवीत, गुबगुबीत, पाला खातानाचा आवाज दारापर्यंत येत होता. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. मी खिशातून पीस काढलं. तेवढ्यात अनसूयाबाई माझ्या आणि ट्रेच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"सायेब, राग नका मानू. आज समद्या ट्रेला हात लावायचा न्हाई."

"का?"

"तुमी आलाव की मरतेत. तुमी आले न्हाईत तवा एक बी मेली न्हाई."

मी हसलो. बाहेरून गयाबाई म्हणाल्या, "म्या कवाच म्हनलं व्हतं. सायेबाची नजर वाईट हाय. मागच्या खेपेला तीनदा मीठ-मिरच्या ववाळून टाकल्या म्या." हे मला नवीन होतं. म्हणजे मी फाट्याकडे निघालो की मागे माझ्या नावानं मिरच्या जळत होत्या.

"नजर न्हाई, आत्याबाई," अनसूयाबाई म्हणाल्या. "नजर असती तर भाईर बसून बी लागली असती." मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. चौकटींमध्ये पेन्सिलीनं बारीक आकडे होते. रोज पाला बदलताना मेलेल्या अळ्या फेकण्याआधी त्या मोजत होत्या आणि लिहून ठेवत होत्या. दोन्ही खेपांचं. ज्या चौकटीत मी गेलो होतो तिथे फुली. प्रत्येक फुलीनंतर आकडे चढलेले, मग हळूहळू उतरलेले, पुढच्या फुलीनंतर पुन्हा चढलेले. शेवटच्या आठ-नऊ चौकटींत शून्य.

मी जिवंत अळ्या मोजत होतो, दोन-तीन दिवसांनी एकदा. ती बाई मेलेल्या मोजत होती, रोज. नोंदवही माझ्याकडे होती, छापील रकाने माझ्याकडे होते, आणि ज्यात उत्तर होतं ते कॅलेंडर त्यांच्याकडे.

"मग काय करायचं म्हणता?" मी विचारलं. नोकरीत पहिल्यांदाच हा प्रश्न मी शेतकऱ्याला विचारत होतो.

"तीन ट्रे बाजूला काडलेत. कमजोर अळ्यांचे. एकात तुमी नेहमीवानी करा, हात बी आन् पीस बी. दुसऱ्यात नुसता हात, पीस न्हाई. तिसऱ्यात तुमचा हात न्हाई. पीस मला द्या, मी फिरवते. बाकीच्यांना कोनीच शिवायचं न्हाई."

असे प्रयोग कसे आखायचे, यावर आम्हाला एक अख्खं सत्र शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "भाजी खारट झाली की कोन मीठ टाकलं, ते असंच काडतेत की."

दर ट्रेआधी हात धुऊन आम्ही तसं केलं. मग मला ओट्यावर बसवलं. पिठलं-भाकरी झाली. आप्पाही येऊन बसले. नांगर कोपऱ्यात टेकवून ठेवलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघणं टाळत होतो. फाट्यावरून शेवटची गाडी साडेपाचची, ऊन कलायला लागलं होतं.

अडीच-तीनच्या सुमारास अनसूयाबाईंनी हाक मारली. पहिल्या ट्रेमध्ये अळ्या डोकी हलवत होत्या, काहींच्या तोंडाला हिरवं पाणी आलं होतं. दुसऱ्या ट्रेमध्ये, जिथे नुसता माझा हात लागला होता, तिथे अळ्या खुशाल खात होत्या. तिसऱ्यात, जिथे माझं पीस त्यांच्या हातून फिरलं होतं, पुन्हा तेच हिरवं पाणी.

त्यांनी माझ्या बगळ्याचं पीस उचललं, नाकाशी नेलं आणि सासूकडे दिलं. "आत्याबाई, वास घ्या. तुमाला कळंल."

गयाबाईंनी वास घेतला. चाळीस वर्षं मिश्री लावलेली बाई, तिला काय लपणार. "तंबाखू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, उठल्या, जवळ आल्या आणि दोन बोटांनी पुडी वर ओढून काढली. मी लहान मुलासारखा उभा होतो. "मला वरीसभर उंबऱ्याभाईर बसवलं," गयाबाई म्हणाल्या, "आन् ह्येला आत नेऊन च्या पाजला." आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग अनसूयाबाई हसल्या. मग मी. आप्पा तेवढे हसले नाहीत.

पुडी मी उकिरड्यात टाकली. पीस चुलीत घातलं, त्याचं मात्र वाईट वाटलं. आजारलेल्या दोन ट्रेमधल्या अळ्यांना मोकळी हवा आणि ताजा पाला देऊन अनसूयाबाईंनी अर्ध्या वाचवल्या. बाकीची सगळी खेप सुखरूप चंद्रिकेवर चढली. कोष काढायच्या दिवशी मी गेलो तो बिनखिशाचा शर्ट घालून. आप्पांनी एक कोष उचलला, कानाशी धरून हलवला, आतली खुळखुळ ऐकली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुती." नांगर त्याच संध्याकाळी गोठ्यात गेला.

तंबाखू सोडल्यावरचे पंधरा दिवस माझ्या घरच्यांनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत. खरं तर गालाच्या आत एक पांढरा डाग बरेच दिवस होता. सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर माझे मित्र होते, त्यांनी दोनदा बजावलंही होतं. मी ऐकलं नव्हतं. मग एक दिवस आपण होऊन गेलो आणि आ केला. डॉक्टर म्हणाले, "आज कसं काय सुचलं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी सांगून ऐकलं नाही, आणि अळीनं ओकून दाखवलं तर ऐकलं." डाग पुढे हळूहळू विरला. डॉक्टरांना मात्र ती कल्पना फार आवडली. नंतर गावोगाव तोंडाची तपासणी करायला जाताना ते कधी कधी अनसूयाबाईंकडून दोन ट्रे मागून न्यायचे. एकात साधा पाला, एकात चिमूटभर मिश्री लावलेला. भाषण करायची गरज पडायची नाही. बायका बघायच्या आणि मग आपण होऊन तोंड दाखवायला रांग लावायच्या. अनसूयाबाई रागवायच्या, की माझ्या अळ्यांचा जीव कशाला घेताव, पण ट्रे द्यायच्या. गयाबाईंनी मिश्री सोडली का? त्यांच्या शब्दांत, "कमी केली." त्यानंतर त्यांना खोलीत प्रवेश मिळाला, तोही हात हुंगून.

इथपर्यंत गोष्ट आनंदाची आहे. पुढचं सांगायला जीभ जरा जड होते.

तुती राहिली, पण ट्रंकेतला कागदही राहिला. कोष निघाल्यावर मी आप्पांपुढे बसून सरळ सांगितलं, "आप्पा, मागच्या खेपेची चूक तुमच्या सुनेची नव्हती, माझी होती." आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमी मोठ्या मनाचे हाव, सायेब. दुसऱ्याची गल्ती अंगावर घेताव." मी म्हटलं, खरंच माझी होती. ते म्हणाले, "मग कागद दाखवा."

मी कागद केला. दुरुस्तीची टिपणी लिहिली, कारणाच्या रकान्यात "निरीक्षकाच्या पिसावरील तंबाखूचा अंश" असं स्वच्छ लिहिलं आणि कारण ज्यांनी शोधलं त्यांचं नावही घातलं. वरिष्ठांनी वाचली, हसले, म्हणाले, पुढच्या अहवालात छापू. पुढच्या अहवालात जागा नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी मला कायम केलं. त्यानंतर ती टिपणी कोणत्या फायलीत आहे, हे मी विचारलं नाही. विचारता आलं असतं. आपली चूक छापली गेली नाही याचं मला आतून बरंच वाटत होतं, हे आज कबूल करतो.

तुती वाढली, अर्ध्या एकराचे दोन एकर झाले. गावातल्या आणखी बायका अनसूयाबाईंकडून शिकून गेल्या. पण घरात काही बिनसलं, पाऊस उशिरा आला, एखादी खेप हलकी निघाली, की आप्पा म्हणायचे, "पहिली खेप बी तूच घालवली व्हतीस. कागद हाय माझ्याकडं." रागानं नाही, सहज म्हणायचे. आणि अनसूयाबाई पाला चिरत राहायच्या. हे मी स्वतः दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा मी चहा पीत होतो.

हे लिखाण इथपर्यंत पुरं झाल्यावर छापायला देण्याआधी ते घेऊन मी गेल्या महिन्यात त्या गावी गेलो. आता फाट्यापासून रिक्षा मिळते. दारातच पाटी आहे, हात धुवा, खिसे दाखवा. मला खिसे नाहीत, तरी अनसूयाबाईंनी शर्टाच्या छातीवरून नजर फिरवून घेतली. त्यांचे केस आता पांढरे झालेत. गयाबाई गेल्या, आप्पाही गेले. भिंतीवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी आहेत.

मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाच अडवलं, गावाचं नाव काढा म्हणून. मिरच्यांचं ठेवलं तरी चालेल म्हणाल्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं.

"हे छापून यील?" त्यांनी विचारलं.

"दिवाळी अंकात येणार."

"छापील कागद. शिक्का नसतो त्याला?"

"शिक्का नसतो. पण छापील असतं."

"चालंल," त्या म्हणाल्या. त्या उठून आत गेल्या आणि ट्रंकेतून तो जुना अहवाल घेऊन आल्या. कापडात बांधलेला होता, उर्दू कागदाच्या शेजारी असायचा तसाच. त्यांनी तो फोटोंच्या खालच्या फळीवर ठेवला. "अंक आला की घिऊन या. तवर आज एकदा वाचा. पिसाचं पान तेवडं. जरा मोठ्यानं वाचा, आप्पाला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं."

मी माझे कागद घेऊन उठलो, आप्पांच्या फोटोपुढे उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं.